रॅली किती लांबेल, हे कोर्ट ठरवतं की खेळाडू?

प्रश्न टेनिसमध्ये बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, खेळणाऱ्या एका खेळाडूचा आहे. मातीच्या कोर्टवर त्याच्या रॅली, म्हणजे एका गुणातली फटक्यांची देवाणघेवाण, दहा-बारा फटक्यांपर्यंत सहज जातात. त्याच प्रतिस्पर्ध्यांशी हार्ड कोर्टवर गाठ पडली की तीन-चार फटक्यांत गुण संपतो, आणि बहुतेक वेळा तो समोरच्याच्या खात्यात जातो. हा कोर्टचा परिणाम म्हणायचा की खेळण्याच्या पद्धतीचा, आणि त्याप्रमाणे सराव कसा बदलायचा, असं त्याने विचारलं आहे.

मी खेळाडूंना शिकवतो आणि सामने बघताना फटक्यागणिक नोंद ठेवतो. त्या नोंदींवरून माझं मत पक्कं झालं आहे. गुण लवकर संपवायचा प्रयत्न किती महागात पडेल, एवढंच कोर्ट ठरवतं. तो प्रयत्न करायचा की नाही, हे खेळाडू ठरवतो, आणि दोघांपैकी ज्याला घाई असते त्याचंच चालतं. रॅली लांबवायला दोघांची तयारी लागते, तोडायला एकाची पुरते. म्हणूनच मातीवरही दोन-तीन फटक्यांचे सामने होतात आणि हार्ड कोर्टवर पन्नास फटक्यांच्या रॅली होतात.

आधी मोजणीबद्दल बोलू, कारण बरेचसे गैरसमज तिथेच होतात. बिनतोड सर्व्हिस किंवा परत न आलेली सर्व्हिस म्हणजे एक फटका. रिटर्नवरच, म्हणजे सर्व्हिस परतवतानाच, विजयी फटका बसला तर दोन. जाळीत गेलेला किंवा बाहेर पडलेला शेवटचा फटका काही जण धरतात, काही धरत नाहीत, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवताना पद्धत एकच आहे ना, हे बघावं लागतं. त्याहून मोठी अडचण सरासरीची. समजा दहा गुणांच्या रॅली अशा झाल्या: १, १, २, ३, ३, ३, ४, ५, ७ आणि २५. सरासरी येते ५.४, पण दहापैकी आठ गुण त्याहून आखूड आहेत आणि मधला आकडा ३ आहे. एका पंचवीस फटक्यांच्या रॅलीने सगळं चित्र बदललं. खरे सामने असेच असतात. हार्ड कोर्टवरच्या ग्रँड स्लॅम स्पर्धांमध्ये साधारण ७० टक्के गुण चार किंवा त्याहून कमी फटक्यांत संपतात. मातीवर हे प्रमाण कमी होतं, पण तिथेही निम्म्याहून बरेच जास्त गुण याच गटात असतात. प्रेक्षकाच्या लक्षात मात्र लांब रॅली राहते. त्यामुळे ‘मातीवर रॅली लांब असतात’ याचा अर्थ नीट सांगायचा तर असा: मातीवर परत न येणाऱ्या सर्व्हिस कमी असतात आणि नऊच्या पुढच्या रॅलींचा वाटा वाढतो.

आता टप्प्याकडे येऊ. चेंडू जमिनीला लागतो तेव्हा दोन गोष्टी होतात. घर्षणामुळे त्याचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो, आणि तो किती उसळेल हे पृष्ठभाग किती दाद देतो त्यावर ठरतं. विटांच्या भुकटीवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, घर्षण जास्त आणि उसळीही जास्त. गवतावर दोन्ही कमी. हार्ड कोर्ट या दोहोंच्या मध्ये कुठेही असू शकतं, कारण वरच्या रंगात वाळू किती आणि कशी मिसळली यावर त्याचा वेग ठरतो. ‘हार्ड कोर्ट’ असं एकच काही नसतं, हे प्रश्न विचारणाऱ्याने आधी लक्षात घ्यावं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टचा वेग मोजताना स्पिन (फिरकी) नसलेला चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने, १६ अंशांच्या कोनात जमिनीवर सोडतो आणि टप्प्यानंतरचा वेग व उसळी पाहून गुणांक काढतो. ३० च्या खालचं कोर्ट संथ, ४५ आणि त्यापुढचं वेगवान. उसळीचा या सूत्रात समावेश आहे, कारण चेंडू उंच उठला तर खेळाडूला जास्त वेळ मिळतो आणि कोर्ट संथ वाटतं.

या चाचणीत स्पिन नाही आणि कोन उथळ आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. उथळ कोनातून येणारा सपाट चेंडू जमिनीवर घसरत जातो, त्यामुळे घर्षण जितकं जास्त तितका तो जास्त वेग गमावतो. भरपूर टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी) घेऊन वरून खाली येणारा चेंडू मात्र जमिनीला लागता लागताच घसरायचा थांबतो आणि गडगडायला लागतो. तिथून पुढे घर्षण जास्त असलं काय आणि कमी असलं काय, विशेष फरक पडत नाही. म्हणून कोर्टमधला फरक सर्वांत जास्त जाणवतो तो सपाट सर्व्हिसला, स्लाइसला (चेंडू खालून कापून मारलेल्या फटक्याला) आणि जाळीला चाटून जाणाऱ्या सरळ फटक्यांना. दोन जबर टॉपस्पिनवाले बेसलाइनवर उभे राहिले की त्यांच्या रॅलीची लांबी कोर्ट बदलूनही फारशी बदलत नाही. कोर्टचा परिणाम खेळण्याच्या पद्धतीतूनच तुमच्यापर्यंत पोचतो, तो इथे.

ढोबळ हिशेब करून बघा. पहिली सर्व्हिस टप्पा पडायच्या वेळी ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास आहे असं धरू, हवेतच तिचा बराच वेग गेलेला असतो. गवताला आणि मातीला शोभतील असे घर्षणाचे आकडे घातले, तर टप्प्यानंतर गवतावर ती ११८ च्या आसपास राहते आणि मातीवर १०७ च्या. सर्व्हिस लाइनजवळ टप्पा पडून चेंडू बेसलाइनच्या दीड मीटर मागे उभ्या असलेल्या खेळाडूपर्यंत सात मीटर जातो. या सात मीटरांत मातीवर जो जास्तीचा वेळ मिळतो तो दोन-अडीच शतांश सेकंदांचा. एवढ्याने काय होणार? पण तोच खेळाडू आणखी तीन मीटर मागे सरकला तर त्याला तब्बल दहा शतांश सेकंद जास्त मिळतात, म्हणजे कोर्टने दिले त्याच्या चौपट.

मातीची खरी देणगी ही मागे उभं राहण्याची मुभा आहे. चेंडू उंच उठलेला असतो, त्यामुळे मागे गेलं तरी तो कमरेच्या वर सापडतो. गवतावर तेवढंच मागे गेलात तर चेंडू गुडघ्याशी येतो आणि बाजूला टाकलेली सर्व्हिस तुम्हाला कोर्टबाहेर ओढून नेते.

एक गुण जवळून बघू. मातीचं कोर्ट, उजव्या हाताचा खेळाडू डाव्या कोर्टमध्ये सर्व्हिस करतो आहे. तो किक सर्व्हिस, म्हणजे टप्प्यानंतर उंच उसळणारी सर्व्हिस, बाहेरच्या बाजूला टाकतो. उजव्याच हाताने खेळणारा समोरचा खेळाडू साडेचार मीटर मागे आहे, चेंडू त्याच्या बॅकहँडला खांद्याएवढा येतो. तो मोठा फटका मारत नाही, उंच आणि खोल असा मधोमध परत करतो. तो चेंडू हवेत असतानाच तो तिरका धावत कोर्टच्या मध्याकडे निघालेला असतो. सर्व्हिस करणारा फोरहँडवर वळून मोकळ्या बाजूला जोरात मारतो. हार्ड कोर्टवर हा फटका बहुधा गुण संपवतो. इथे चेंडू टप्प्यानंतर थोडा थबकतो, आणि धावणारा खेळाडू शेवटची दोन पावलं न टाकता घसरत चेंडूपाशी पोचतो. घसरण्याचा फायदा दुहेरी आहे: फटका मारतानाच तो थांबतो, आणि त्याच पायावर जोर देऊन परत फिरतो. तीन फटक्यांत संपणारा गुण आता आठवर गेला. यात दोन-अडीच शतांश सेकंद एकदाच मिळालेले नाहीत, ते प्रत्येक टप्प्यावर मिळाले, आणि त्यांच्यात जागेची आणि घसरण्याची भर पडली.

ओलाव्याचाही इथे हात आहे. सकाळी पाणी मारलेली माती जड असते, चेंडू तिच्यात रुततो आणि भुकटी चिकटून वजनदार होतो. दुपारी उन्हात तीच माती सुकते, वरचा थर पातळ होतो आणि चेंडू सटकू लागतो. रोलाँ गॅरोसच्या, म्हणजे फ्रेंच ओपनच्या, कोर्टवर विटांच्या भुकटीचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा आहे, खाली चुनखडीचा थर आहे. त्यामुळे थोडा वारा, थोडं ऊन यांनीही खेळ बदलतो. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवरच्या माद्रिदमध्ये मातीच असते, पण हवा विरळ असल्याने सर्व्हिसला जोर मिळतो आणि रॅली आखूड होतात. चेंडूंचंही तसंच आहे. व्यावसायिक सामन्यात पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात. नवे चेंडू आले की सर्व्हिस करणाऱ्याची चांदी होते, लव फुगलेल्या जुन्या चेंडूंवर रॅली वाढतात. नोंद ठेवताना मी चेंडू बदलले की पानावर आडवी रेघ मारतो.

आता पद्धतीकडे वळू, माझ्या मते जास्त वजन तिचं आहे. २००१ चा विम्बल्डनचा अंतिम सामना गोरान इव्हानिसेविच आणि पॅट राफ्टर यांचा होता. दोघंही सर्व्हिस मारून जाळीकडे धावणारे, म्हणून गुण झटपट संपत होते. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात लेटन ह्युईट आणि डेव्हिड नालबंदियन आले, दोघंही बेसलाइनवरचे, आणि मैदान तेच असून रॅलींचा सामना झाला. विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने २००१ मध्ये गवताचं मिश्रण बदलून पूर्णपणे रायगवत लावायला सुरुवात केली. त्याने जमीन टणक राहिली आणि उसळी वाढली हे खरं. पण २००३ मध्ये रॉजर फेडररने त्याच गवतावर बऱ्याचदा सर्व्हिसमागे जाळीकडे जात विजेतेपद घेतलं, आणि पुढे तोच फेडरर त्याच गवतावर बहुतांश बेसलाइनवर राहून जिंकत गेला. यात गवताइतकाच रॅकेटच्या तारांचा वाटा आहे. १९९७ मध्ये गुस्ताव कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तारा लावून रोलाँ गॅरोस जिंकला, आणि हळूहळू सगळेच त्या तारांकडे वळले. या तारांमुळे जोरात मारलेला चेंडूही टॉपस्पिनने झपकन खाली येतो. जाळीशी उभ्या असलेल्या खेळाडूच्या पायाशी चेंडू पडू लागल्यावर जाळीकडे धावणं महाग झालं.

उलट बाजूचं उदाहरण २०१७ च्या रोलाँ गॅरोसच्या महिलांच्या अंतिम सामन्याचं. येलेना ओस्टापेन्कोने सिमोना हालेपविरुद्ध ५४ विजयी फटके मारले आणि टाळता येण्याजोग्या चुकाही ५४ केल्या. हालेपचे विजयी फटके ८, चुका १०. मातीचं कोर्ट, समोर जगातली उत्तम बचाव करणारी खेळाडू, तरीही गुण कधी संपणार हे जवळपास प्रत्येक वेळी एकटी ओस्टापेन्को ठरवत होती. हालेपला रॅली हवी होती, तिला ती मिळाली नाही.

आणि दोघांनाही घाई नसेल तर? १९८४ मध्ये रिचमंडच्या स्पर्धेत व्हिकी नेल्सन आणि जीन हेपनर यांच्यात एक रॅली ६४३ फटके चालली, एका गुणाला २९ मिनिटं लागली. उंच, संथ, मधोमध फटके, आणि धोका पत्करायला दोघींपैकी कुणीच तयार नाही. कुठलंही कोर्ट हे एकट्याच्या बळावर घडवू शकत नाही. २०१३ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात जोकोविच आणि नदाल यांची ५४ फटक्यांची रॅली झाली, तीही हार्ड कोर्टवरच.

सामना लांबला म्हणजे रॅली लांबल्या, हा आणखी एक गैरसमज. २०१० मध्ये विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले, ९८० गुण झाले. पण इस्नरच्या ११३ आणि माहूच्या १०३ बिनतोड सर्व्हिस होत्या. सगळा वेळ गुणांच्या संख्येला मिळून लागला, प्रत्येक गुणाच्या वाट्याला ४१ सेकंद येतात, तेही मधली विश्रांती धरून. २०१२ चा ऑस्ट्रेलियन ओपनचा अंतिम सामना जोकोविच आणि नदाल ५ तास ५३ मिनिटं खेळले, गुण मात्र ३७० च्या आसपास. तिथे एका गुणाला जवळपास एक मिनिट येतं.

तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचं उदाहरण मात्र दानिल मेदवेदेवचं आहे. हार्ड कोर्टवर सर्व्हिस परतवताना तो इतका मागे उभा राहतो की कोर्टच्या मागच्या भिंतीला टेकल्यासारखा वाटतो. हार्ड कोर्टवर राहून तो मातीवरच्या रिटर्नची जागा घेतो, आणि त्याच्या रॅली लांब जातात. त्याला उंची आहे, हात लांब आहेत, सपाट फटका खोल जातो, म्हणून हे त्याला झेपतं. पण २०२३ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात जोकोविचने याच जागेचा फायदा उठवला. दुसरा सेट तासाहून कितीतरी जास्त वेळ चालला, लांबच लांब रॅलींनी जोकोविच दमला होता. त्याने त्या सामन्यात सर्व्हिसमागे जाळीकडे धावत खेळलेल्या २२ पैकी २० गुण जिंकले. मागे उभं राहून रॅली लांबवणाऱ्याकडून चेंडू येईपर्यंत जाळी गाठायला वेळ मिळतो. आयुष्यभर बेसलाइनवर खेळलेला माणूस गरज पडली तेव्हा गुण आखूड करू शकला, कारण ते त्याच्या सरावात होतं.

नोंदींमधून कोर्ट आणि पद्धत वेगळी काढायची असेल, तर खेळाडूंची तीच जोडी दोन्ही पृष्ठभागांवर बघावी लागते. मातीच्या स्पर्धांची सरासरी जास्त येते त्यात मातीचा हात असतो, आणि मातीवर खेळायला कोण येतं याचाही. तुमचे प्रतिस्पर्धी दोन्हीकडे तेच आहेत, हे या दृष्टीने फार चांगलं आहे. पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हिसचे गुण मात्र वेगवेगळे लिहा. कोर्टचा फरक पहिल्या सर्व्हिसवर ठळक दिसतो, दुसऱ्या सर्व्हिसवर तो बराच पुसट होतो. तुमच्या दुसऱ्या सर्व्हिसच्या गुणांतही हार्ड कोर्टवर रॅली आखूडच राहत असतील, तर कोर्टला दोष देऊ नका. समोरचा तिथे जास्त आक्रमक होतो आहे आणि तुम्ही त्याला जागा देता आहात.

वही घ्या आणि प्रत्येक गुणासाठी पाचच गोष्टी लिहा: सर्व्हिस कोणाची, पहिली की दुसरी, फटके किती, शेवटचा फटका कोणाचा आणि तो विजयी की चूक, आणि रिटर्नच्या वेळी तुम्ही बेसलाइनपासून अंदाजे किती मागे होता. शेजारी बसलेला मित्र हे सहज लिहू शकतो. मग चारपर्यंत, पाच ते आठ, आणि नऊच्या पुढे असे गट पाडून प्रत्येक गटात तुम्ही किती टक्के गुण जिंकले ते काढा. मला जवळपास खात्री आहे की तुमचं हार्ड कोर्टवरचं नुकसान पहिल्या गटात असेल, आणि त्यातही रिटर्नच्या गुणांवर. सर्व्हिसचा फायदा पहिल्या चारेक फटक्यांत विरतो. तिथपर्यंत तुम्ही पोचलात की तुमचा मातीवरचा खेळ हार्ड कोर्टवरही कामाला येतो.

म्हणून तासन्‌तास वीस-वीस फटक्यांच्या रॅली मारण्याचा सराव कमी करा. तो बंद करू नका, पाय आणि संयम त्यातूनच येतात, पण तुम्हाला आत्ता त्याची कमतरता नाही. सरावातला मोठा भाग रिटर्नला आणि त्यानंतरच्या एका फटक्याला द्या. कुणालातरी सर्व्हिस लाइनवरून, म्हणजे जवळून, सर्व्हिस करायला सांगा. मागे रॅकेट न नेता, फक्त खांदा वळवून चेंडू अडवायचा आणि मधोमध खोल टाकायचा. सर्व्हिस करणाऱ्याची रॅकेट चेंडूला लागते त्याच क्षणी तुमचे पाय छोट्या उडीतून जमिनीला लागले पाहिजेत. हे उशिरा होत असेल तर मोठ्या रॅकेटने किंवा नव्या तारांनी काही साधणार नाही. मग रिटर्नची जागा बदलून बघा: एक गेम बेसलाइनच्या एक मीटर आत, एक गेम तीन मीटर मागे. दोन्हीचे आकडे वहीत येऊ द्या. पुष्कळ बेसलाइनवाल्या खेळाडूंना हार्ड कोर्टवर पहिल्या सर्व्हिससाठी मागे आणि दुसऱ्या सर्व्हिससाठी आत उभं राहणं मानवतं, पण तुमची जागा तुमच्या आकड्यांवरूनच ठरवा.

स्वतःच्या सर्व्हिसवर उलटं करा. मातीवर तुम्ही सर्व्हिस फक्त गुण सुरू करण्यासाठी वापरता असं दिसतं. हार्ड कोर्टवर ती बाहेर टाका आणि पुढचा फोरहँड मोकळ्या बाजूला मारायचा, हे आधीच ठरवून खेळा. आठवड्यातून एक सराव सामना असा खेळा की सर्व्हिस करणाऱ्याने पाचव्या फटक्याच्या आत जिंकलेला गुण दोन गुणांचा धरायचा. सुरुवातीला चुका वाढतील, महिनाभर त्या वाढू द्या. मातीवर परत जाल तेव्हा हा नियम उलटा करून खेळा: रिटर्न करणाऱ्याने आठ फटक्यांच्या पुढे जिंकलेला गुण दोन गुणांचा.